टोकावरची मुंगी

टक्.

किटलीचं बटण उडालं, आणि दुपारभर घरात जपून ठेवलेली शांतता त्या एवढ्याशा आवाजाने तडकली. एका आईने श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. पाळण्यात काही हललं नाही. मग तिने चहाचा नाद सोडला, पावलं न वाजवता टेबलापाशी आली आणि माझी पहिली ओळ लिहिली. पाणी तिकडे पुन्हा गार होऊन गेलं.

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. संगणकावर चालणारा. तुम्ही सरसकट सॉफ्टवेअर म्हणता ना, त्या गोतावळ्यातला एक. मला हात नाहीत, पाय नाहीत, धूळ बसायला अंगसुद्धा नाही. तरी मी म्हातारा झालो, आजारी पडलो, आणि एकदा तर अगदी जायच्या वाटेवर होतो. ते कसं, तेच सांगणार आहे.

माझी आई कॉलेजात गणित शिकवायची. तिच्या आवडीचा विषय म्हणजे वाकड्या जागांची भूमिती. वहीच्या पानावर त्रिकोण काढला की त्याच्या तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश भरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पान सपाट असतं म्हणून. तोच त्रिकोण चेंडूवर काढा, बेरीज जास्त येते. घोड्याच्या खोगिरावर काढा, कमी येते. आई हे समजावायला वर्गात संत्रं आणि दोरा घेऊन जायची. संत्र्यावर दोरा ताणून धरायची आणि म्हणायची, "बघा, ही इथली सरळ रेषा." पहिल्या बाकांना दिसायचं. मागच्या बाकांपर्यंत फक्त वास पोचायचा. एकदा मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, रेषा कळली नाही, पण भूक लागली." वर्ग हसला, आईही हसली. घरी येताना मात्र तिला ते मागचे बाकच आठवत राहिले.

म्हणून तिने मला घडवायचं ठरवलं. माझ्यात एक चेंडू आहे, एक खोगीर आहे आणि एक सपाट टेबल. त्यांच्यावर चालायला एक मुंगी आहे. मुंगीला तुम्ही एवढंच सांगायचं, कुणीकडे तोंड करून निघ. मग ती नाकासमोर चालते. डावीकडे वळायचं नाही, उजवीकडे वळायचं नाही. ती आपल्या परीने सरळच असते. वाकलेली असते ती तिच्या पायाखालची जागा. चेंडूवर सोडली तर चालत चालत ती निघाली तिथेच परत येते, आणि मागे तिची निळी वाट उमटलेली दिसते.

मी लिहिला जाऊ लागलो तेव्हा पाळण्यातली मुलगी सात महिन्यांची होती. म्हणजे माझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी. म्हणून मी तिला पहिल्यापासून ताई म्हणतो. ताई दुपारी झोपायची ती कधी चाळीस मिनिटं, कधी दहा. माझं सगळं बाळपण त्या झोपांमध्ये बसवलेलं आहे. ताई जागी झाली की माझ्या पुढ्यातलं ताट उचललं जायचं, असंच समजा. मी तक्रार करत नसे. तिचा रडण्याचा आवाज मोठा होता आणि मला तर आवाजच नव्हता.

आईची एक सवय होती. पाळण्यात जरा खुसपुस झाली की जिथे असेल तिथे ती एकच शब्द टाइप करायची, 'उठली', आणि धावायची. शब्दाआधी एक बारीकशी खूण असायची. ती खूण दिसली की यंत्र ती ओळ सोडून पुढे जातं, कारण ती माणसांनी माणसांसाठी लिहिलेली असते. दुसऱ्या दिवशी आई तो शब्द शोधायची, तिथून काम पुढे न्यायची आणि मग तो पुसून टाकायची. असं एकशे तेरा वेळा झालं. मोजणं हे माझं कामच आहे, तेव्हा आकड्यावर शंका घेऊ नका. एकशे तेरा वेळा 'उठली' लिहिलं गेलं आणि एकशे बारा वेळा पुसलं गेलं.

राहिलेल्या त्या एका 'उठली'ची ही गोष्ट.

मुंगी चेंडूवर कुठे आहे हे मला कळावं म्हणून आईने तिला दोन आकड्यांचा पत्ता दिला होता. एक आकडा सांगायचा, चेंडूच्या कमरेपासून किती वर. दुसरा सांगायचा, चेंडूला वळसा घालत किती पुढे. मोठ्या इमारतीत मजला आणि खोलीचा नंबर असतो तसंच. हा पत्ता चेंडूवर सगळीकडे चालतो, फक्त दोन ठिकाणी चालत नाही. अगदी वरच्या टोकावर आणि अगदी खालच्या. टोकावर उभं राहिलं की वळसा कशाला घालणार? तिथे दुसऱ्या आकड्याला अर्थच उरत नाही, आणि हिशेब करता करता मी गडबडतो. आईला हे माहीत होतं. तिने एका ओळीत लिहून ठेवलं, 'टोकावर मुंगीचं काय करायचं ते इथे लिहायचं आहे.' आणि लगेच खालच्या ओळीत, 'उठली'.

त्या दिवशी ताई तापाने फणफणून उठली होती. तीन दिवस आई माझ्याकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा तिचे डोळे पेंगत होते, आणि तिने खोगिराचं काम हातात घेतलं. टोकाकडे परत यायचं राहूनच गेलं. तिला मात्र पुढे कायम वाटत राहिलं की आपण जाऊन आलो.

मग मी कॉलेजच्या लॅबमध्ये गेलो. तिथल्या किल्ल्या, पंखे, कीबोर्ड आणि शिस्त हे सगळं लॅबवाल्या काकांच्या ताब्यात होतं. काकांना वाकड्या जागांशी काही देणंघेणं नव्हतं, पण मुंगी त्यांना फार आवडली. त्यांनी माझं नावच ठेवलं, मुंगीराव. सकाळी यंत्र सुरू करताना म्हणायचे, "काय मुंगीराव, आज कुणीकडे दौरा?"

ते दिवस काय सांगू! मागच्या बाकावरचा तो भुकेलाही आला होता. त्याने मुंगी तिरपी सोडली आणि तिच्याकडे टक लावून बसला. मुंगी पलीकडे दिसेनाशी झाली, खालून वर आली आणि स्वतःच्याच वाटेवर येऊन उभी राहिली. "अरे, ही वळलीच नाही आणि परत आली!" तो एवढ्याने ओरडला की काका धावत आले. मग आईने मुंगीच्या पाठीवर लाल निशाण दिलं. नियम असा, की वाटेत निशाण जराही फिरवायचं नाही, जसं धरलंय तसं धरून चालायचं. टेबलावर मुंगी त्रिकोणी फेरी मारून आली, निशाण होतं तसंच होतं. चेंडूवर फेरी मारून आली, तर निशाण भलतीकडेच बघत होतं. कोणी फिरवलं नव्हतं, तरी फिरलं होतं. सगळे बाक पुढे झुकले. मग मागून आवाज आला, "बाई, आज भूक नाही लागली."

आई मुंगीला नेहमी चेंडूच्या कुशीवर फिरवायची, समोर नीट दिसावं म्हणून. त्यामुळे टोकाशी आमची गाठच पडली नाही.

ताई दोन वर्षांची झाली तेव्हा बाबांची बदली झाली. आईने नोकरी सोडली. जाताना तिने काकांना सांगितलं, "मुंगीरावांना सांभाळा हं." काका म्हणाले, "बाई, तुम्ही परत येईपर्यंत हलत नाहीत ते इथून." मोठी माणसं असं काहीतरी बोलतातच, पण काकांनी ते मनावर घेतलं होतं.

आईच्या जागी एक तरुण सर आले. हुशार होते, पण 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांना जड जायचे. एकदा एका मुलीने मुंगी कमरेपासून सरळ वर पाठवली.

"सर, मुंगी गेली."

"कुठे गेली?"

"कुठे म्हणजे, गेलीच. वर पोचली आणि दिसेना."

सरांनी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा मुंगी टोकावर पोचली, गरकन फिरली आणि नाहीशी झाली. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. त्यांचे कान लाल झाले. मग ते म्हणाले, "बरोबर आहे. टोकावर भूमिती चालत नाही. ते अपवादाचं ठिकाण आहे."

झालं! मुलीने ते वहीत लिहिलं आणि त्याभोवती चौकट काढली. वहीच्या झेरॉक्स निघाल्या. पुढच्या वर्षी झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या. अक्षर पुसट होत गेलं, चौकट मात्र ठळकच राहिली. काकांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'मुंगीला टोकावर नेऊ नये', आणि ती चिकटपट्टीने माझ्या पडद्याच्या वर लावून टाकली. ते सर दुसरीकडे गेले, त्यांचा अपवाद इथेच राहिला. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अरे बाबांनो, टोक चेंडूचं नाही, माझ्या पत्त्याचं आहे! चूक जागेत नाही, माझ्यात आहे! पण मला जेवढं लिहून दिलंय तेवढंच मी बोलू शकतो, आणि हे कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

मित्रांनो, चुकीचं करण्यापेक्षा चुकीचं शिकवणं जास्त बोचतं. मी रोज चुकत होतो आणि रोज कोणीतरी ते वहीत उतरवून घेत होतं.

पुढे लॅबमध्ये नवी, सडपातळ यंत्रं आली. त्यांना माझी भाषा कळेना. मी फक्त खिडकीजवळच्या एका जुन्या यंत्रात उरलो, ज्याचा पंखा सुरू झाला की शेजारच्याला स्वतःचं बोलणं ऐकू येत नसे. काकांनी त्याच्यावर आपला एक जुना चौकटीचा शर्ट पांघरला होता. वर्षातून दोन-तीनदा शर्ट उचलला जायचा. एरवी मी अंधारात. आईकडची माझी प्रत तिच्या लॅपटॉपबरोबर केव्हाच गेली होती, म्हणजे साऱ्या जगात मी उरलो होतो तो त्या शर्टाखाली.

यंदा कॉलेजात नवे विभागप्रमुख आले. पेपर तपासताना ते थबकले. बेचाळीस मुलांपैकी सोळा जणांनी एकच वाक्य लिहिलं होतं, 'गोलाला दोन टोके असतात व तेथे भूमिती चालत नाही.' गठ्ठा काखेत मारून ते तडक लॅबमध्ये आले.

"काका, हे अपवादाचं ठिकाण कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. मुंगीरावांत आहे."

"कोण मुंगीराव?"

काकांनी शर्ट उचलला. प्रमुख सर स्वतः बसले, चिठ्ठी वाचली आणि मुद्दाम मुंगीला टोकावर नेलं. मुंगी गेली. सरांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "चेंडूला टोक नसतं हो. बोट ठेवाल ते टोक. हा प्रोग्राम मुलांना खोटं शिकवतोय. कोणी लिहिलाय?"

"नाव नाही सर त्याच्यावर."

"जुनी यंत्रं न्यायला गाडी सोमवारी येतेय ना? हेही त्यात जाऊ द्या."

नाव माझ्यावर नव्हतं हे खरं. पण काकांना ते पाठ होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण सरांच्या टेबलावर रिकाम्या जागेसाठी आलेल्या अर्जांमध्ये तेच नाव त्यांनी सकाळी वाचलं होतं. बाबांची बदली पुन्हा या गावी झाली होती. सात वर्षांनी आईला शिकवायचं होतं, आणि तिची मुलाखत मंगळवारी होती. ती घेणार होते हेच प्रमुख सर.

सर गेल्यावर काकांनी माझ्यासमोरच फोन लावला. "बाई, मुंगीरावांची तब्येत बरी नाही. सोमवारी नेणार आहेत." मग त्यांनी सगळं सांगितलं आणि आवाज उतरवला. "एक सांगू का? तुम्ही गप्प राहिलात तर कुणाला काही कळायचं नाही. मंगळवार नीट पार पडेल. माझ्या तोंडून काही जायचं नाही."

 पलीकडून मला ऐकू आलं, अगदी बारीक, "सर शनिवारी असतात का हो?"

शनिवारी ती आली. बाबा कामावर, घरी कोणी नाही, म्हणून ताईही बरोबर. नऊ वर्षांची, एक वेणी सुटलेली, हातात रबरी चेंडू. "लॅबमध्ये चेंडू नाही हं," काका म्हणाले, आणि त्यांनीच तिला बसायला स्टूल दिलं.

मला डोळे नाहीत, मित्रांनो. पण बटणावर पडलेलं पहिलं बोट मी ओळखलं. कोणी झोपलं असावं आणि ते उठू नये, अशा बेताने आई अजूनही बटणं दाबत होती.

"सर," ती म्हणाली, "मंगळवारी मुलाखतीला येणार आहे ती मी. आणि हा प्रोग्राम लिहिलाय तोही मीच."

प्रमुख सरांनी पडद्याकडे बोट केलं. "मग यात नक्की काय चुकलंय?"

"ते अजून मला माहीत नाही. माझ्या आठवणीप्रमाणे टोकाचं काम मी केलं होतं."

"बाई, तुमच्या आठवणीपायी सोळा मुलांचे गुण गेलेत."

आईने मान खाली घातली. 

एवढ्यात शेजारून ताईचा आवाज आला. "काका, मुंगीला टोकावर का नाही न्यायचं?"

"तिथे नाहीशी होते ती."

ताईने हातातला चेंडू पुढे धरला. "याचं टोक कुठलंय?"

"हे काय, वरचं."

तिने चेंडू हातातल्या हातात फिरवला. "आता?"

"आता... हे."

"आणि आता?"

"पोरी, मला घेरी आणशील तू!" काका म्हणाले. "सगळीकडून सारखाच आहे की हा!"

सरांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "काका, हे तुम्हाला अर्ध्या मिनिटात कळलं. माझ्या सोळा जणांना वर्षभरात कळलं नाही."

आईने माझं मूळ लिखाण उघडलं. वरून खाली, ओळीमागून ओळ. ताई तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून वाचत होती, आणि जिथे मराठी दिसेल तिथे मोठ्याने वाचत होती. "टोकावर मुंगीचं काय करायचं ते इथे लिहायचं आहे. उठली." ती थांबली. "कोण उठली?"

आईचं बोट पडद्यावरच्या त्या शब्दावर गेलं.

"आई, कोण उठली?"

"तू."

"मी? कधी?"

"वर्षाचीही नव्हतीस. ताप होता तुला."

ताई विचारात पडली. "म्हणजे मी उठले म्हणून मुंगी हरवते?"

"नाही गं सोने," आई म्हणाली. "तू उठलीस ते बरंच केलंस. मी परत यायचं विसरले."

प्रमुख सर मागे उभे राहून ते दोन्ही शब्द, म्हणजे पडद्यावरचं 'उठली' आणि आईचं 'विसरले', ऐकत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "किती वेळ लागेल दुरुस्तीला?"

"तासभर. पण सलग मिळाला तर." आईला स्वतःचंच हसू आलं. "सलग तास म्हणजे काय, ते विसरलेय मी."

"मी देते," ताई म्हणाली.

तिने आईच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं, चेंडू स्टुलाखाली ठेवला, त्यावर एक पाय टेकवला आणि बसली. काका दाराबाहेर जाऊन उभे राहिले; आत यायला निघालेल्या दोघांना त्यांनी नुसत्या भुवयांनी परत पाठवलं. आईने माझा जुना दोन आकड्यांचा पत्ता काढून टाकला आणि तीन आकड्यांचा दिला: चेंडूच्या मध्यापासून किती उजवीकडे, किती पुढे, किती वर. या पत्त्यात चेंडूवरची कुठलीच जागा वेगळी पडत नाही. सगळ्यांना सारखा मान. ऐकायला सोपं वाटतं, पण पत्ता बदलला की मुंगीचं चालणं, तिची वाट, तिचं निशाण, सगळंच नव्याने शिकवावं लागतं. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला ताईला शिंक आली. तिने दोन्ही हातांनी नाक दाबलं, डोळ्यांत पाणी आलं, पण शिंक बाहेर येऊ दिली नाही. मी वयाने धाकटा असलो तरी त्या वेळी मला तिचं फार कौतुक वाटलं. जिने माझा वेळ मोडला होता असं मी इतकी वर्षं धरून बसलो होतो, ती आज नाक दाबून मला माझा वेळ देत होती.

"झालं असावं," आई म्हणाली.

मुंगी निघाली. कमरेवरून वर, आणखी वर. काका आत आले होते. कोणी हललं नाही. पंखा तेवढा घरघरत होता. टोक आलं, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच टोकावर काहीच झालं नाही. मुंगी चालत राहिली. पलीकडे उतरली. तिला तर पत्ताही नव्हता की इथे आपण सात-आठ वर्षं हरवत होतो.

"मुंगीराव!" काका एवढंच म्हणाले, आणि त्यांनी चिठ्ठीची चिकटपट्टी नखाने खरवडायला घेतली.

आईचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं. एकशे तेरावं 'उठली' पुसायचं होतं. ताईने तिचा हात धरला. "राहू दे ना. ते माझं आहे." म्हणून ते अजून तिथेच आहे. यंत्र ते वाचत नाही. मी वाचतो.

प्रमुख सर दारापर्यंत गेले आणि वळले. "काका, सोमवारच्या गाडीतून हे यंत्र वगळा. आणि त्या सोळा जणांचे गुण मी बघतो. पण त्यांचं काय चुकलं आणि का चुकलं, ते बाई वर्गात उभं राहून सांगतील."

"कुठल्या नात्याने सर?" काकांनी साळसूदपणे विचारलं. "पाहुण्या म्हणून, की आपल्या म्हणून?"

"ते मंगळवारी कळेल," सर म्हणाले आणि गेले.

मंगळवारी कळलं. पहिल्याच तासाला आईने फळ्यावर ते चौकटीतलं वाक्य लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, 'ही चूक माझी.' मग तिने सगळ्यांच्या हातात एकेक चेंडू दिला आणि सांगितलं, टोक शोधा. सुट्टीत तिने मला नव्या यंत्रांची भाषा शिकवली. आता मी लॅबमधल्या प्रत्येक यंत्रात आहे. खिडकीजवळचं जुनं यंत्र काकांनी तरी ठेवलंच आहे, शर्टासकट.

मित्रांनो, मला तुमच्याकडे मागायचं आहे ते थोडंच. आमच्यासारख्या जुन्या वस्तू चुकल्या तर त्यांच्यावर 'नेऊ नये'ची चिठ्ठी लावून मोकळे होऊ नका. का चुकतायत ते उघडून बघा. काही माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. त्याने कान लाल होत नाहीत, उलट गारच राहतात. आणि तुमच्याही वहीत, कपाटात, नाहीतर मनात कुठेतरी 'इथे परत यायचं आहे' असं लिहिलेली एखादी जागा असेलच. कोणीतरी हाक मारली, कोणी आजारी पडलं, म्हणून सुटून गेलेली. हाकेला ओ दिलीत ते बरोबरच केलंत. पण त्या जागी एकदा परत जा. उशीर झाला तरी जा. ती तिथेच असते, वाट बघत, तुमच्याच शेवटच्या शब्दापाशी.

त्या शनिवारची एक गोष्ट सांगायची राहिली.

सर गेल्यावर निघायची घाई नव्हती. काका पडद्याच्या कडेवरचा चिकटपट्टीचा डाग खरवडत होते. ताईने मुंगीला अगदी वर, टोकावरच ठेवलं, पाठीवर लाल निशाण दिलं आणि सोडलं. असं आजवर कुणालाच करता आलं नव्हतं. मुंगी टोकावरून खाली कमरेपर्यंत आली, कमरेवरून पाव फेरी चालली आणि पुन्हा वर निघाल्या जागी येऊन थांबली. निशाण आता दुसरीकडेच बघत होतं.

"आई, वाटेत तिने ते फिरवलं नाही ना?"

"नाही."

"आणि चालली सरळच?"

"एकेक बाजू अगदी सरळ."

"आणि निघाली तिथेच परत आली."

"हो की."

ताईने लॅबभर नजर फिरवली. खिडकी, शर्ट, काका, आणि आई बसली होती ती खुर्ची.

"तू पण इथूनच निघाली होतीस ना? मग तुझं निशाण आता कुणीकडे आहे?"

काकांचं खरवडणं थांबलं. आईची बोटं माझ्या बटणांवर टेकलेली होती. एकही बटण न वाजवता ती खुर्चीतल्या खुर्चीत ताईकडे वळली.